तुमचा माल कुणाच्या वाटेने जातो? कॅप्टन मॅहॅनची गोष्ट



या आठवड्याच्या व्हिडिओत मी अल्फ्रेड थेअर मॅहॅन या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याचं नाव घेतलं आणि दोन मिनिटांत पुढे सरकलो. दोन मिनिटांत उरकण्यासारखा माणूस नाही तो, म्हणून हा लेख. व्हिडिओ पाहिला नसेल तरी चालेल, इथे पहिल्यापासून सांगतो. (आडनाव इंग्रजीत पटकन वाचलं तर 'महान' वाटतं. तो स्वतः हयातभर तसा वाटला नाही, निदान त्याच्या साहेबांना तरी.)

आता तुम्ही म्हणाल, सर, आमचा मसाल्याचा धंदा. कुणी गारमेंट शिवतं, कुणी बेदाणा पॅक करतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या नौदलाच्या माणसाचं आम्हाला काय? संबंध आहे, आणि त्याचं पहिलं टोक आपल्या मुंबईत सापडतं. तिथूनच सुरुवात करू.

कापूस अडला तिकडे, पैसा आला इकडे

मॅहॅनचा जन्म १८४० चा. वडील वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत प्राध्यापक. त्यांचं स्पष्ट मत होतं की हा मुलगा सैनिकी पेशासाठी नाही, त्याने नागरी व्यवसायच बघावा. मुलाने ऐकलं नाही. १८५९ मध्ये तो अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून वर्गात दुसरा येऊन बाहेर पडला आणि दोनच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं.

उत्तरेच्या सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. मॅहॅनच्या वाट्याला बराच काळ हेच काम आलं. किनाऱ्यासमोर येरझारा घालायच्या, एखादं जहाज रात्री चोरून निसटत असेल तर अडवायचं, बाकी वेळ लाटा मोजायच्या. लढाई कमी आणि कंटाळा जास्त. पण त्या कंटाळवाण्या येरझाऱ्यांनी काय केलं ते बघा. दक्षिणेकडे विकायला मुख्य माल एकच, कापूस. तो इंग्लंडला जायचा, त्याच्या पैशातून बंदुका, कापड, यंत्रं यायची. वाट बंद झाल्यावर कापूस गोदामात कुजायला लागला आणि तिकडे लँकेशायरच्या गिरण्या उपाशी बसल्या.

मग गिरणीवाल्यांनी तोंड वळवलं मुंबईकडे. आपला कापूस आखूड धाग्याचा, लँकेशायरला तो फारसा आवडतही नव्हता. पण भूक लागल्यावर चवीची चर्चा कोण करतो? १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत एवढा पैसा आला की रोज नवी कंपनी, नवी बँक, समुद्र बुजवण्याची नवी योजना आणि तिचे नवे शेअर. प्रेमचंद रायचंद हा त्या तेजीचा राजा. फोर्टमधला राजाबाई टॉवर त्याच्या देणगीतून उभा राहिला आणि त्याला त्याच्या आईचं नाव दिलं गेलं.

एप्रिल १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपलं. अमेरिकन कापसाची वाट उघडली, भाव कोसळले, आणि मुंबईत शेअर रद्दीच्या मोलाला आले. प्रेमचंद स्वतः बुडाला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळावी लागली.

मुंबईच्या व्यापाऱ्याने अचानक काही चांगलं केलं म्हणून त्याला भाव मिळाला नव्हता. हजारो मैलांवर दुसऱ्याची वाट कुणीतरी अडवली होती, म्हणून मिळाला होता. त्या 'कुणीतरी'मध्ये विशी-पंचविशीतला मॅहॅनही होता. गंमत म्हणजे आपण जे करत होतो त्याचा अर्थ काय, हे कळायला त्यालाही पुढची वीस वर्षं लागली.

चव्वेचाळिशीतला साधारण अधिकारी

ती वीस वर्षं मी भरभर सांगतो, कारण सांगण्यासारखं फार नाही. बढत्या वेळच्या वेळी मिळाल्या, एक मोठा दौरा जपानपर्यंत झाला. जहाज हाताळण्यात तो तरबेज नव्हता. त्याच्या ताब्यातल्या जहाजांना टकरा-अपघात झाले, खवळलेल्या समुद्राची त्याला धास्ती वाटे. कोकणातल्या एखाद्या तांडेलाने त्याला आपल्या होडीवर घेतलं असतं की नाही, शंकाच आहे. १८८३ मध्ये एका प्रकाशकाच्या मालिकेसाठी त्याने यादवी युद्धातल्या नदी-खाडीच्या लढायांवर एक पुस्तक लिहून दिलं, एवढीच वेगळी नोंद.

१८८४ मध्ये तो दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 'वॉचुसेट' नावाच्या जुनाट जहाजाचा कप्तान होता. वय ४४. तिथे त्याला कमोडोर स्टीफन ल्यूसचं पत्र आलं. ल्यूसच्या डोक्यात एक खूळ होतं. नौदलाच्या अधिकाऱ्यांना तोफा आणि इंजिनं शिकवतात, पण युद्ध म्हणजे काय, ते का जिंकलं किंवा हरलं जातं, हे कुणीच शिकवत नाही. म्हणून त्याला एक कॉलेज काढायचं होतं, आणि तिथे इतिहासावर व्याख्यानं द्यायला मॅहॅन हवा होता. मॅहॅन लगेच हो म्हणाला. विषयाची तयारी फारशी नव्हती, हे तो स्वतःही जाणून होता.

मग तो वाचायला लागला. पेरूची राजधानी लिमा, तिथल्या इंग्लिश क्लबची लायब्ररी, आणि हातात मॉमसेनचा रोमचा इतिहास. त्यात हॅनिबल आला. कार्थेजचा हा सेनापती स्पेनमधून निघाला, फ्रान्समधून गेला, आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. त्या वाटेत त्याचं निम्म्याहून जास्त कसलेलं सैन्य संपलं. ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सगळ्यांनी वाचलेली. मॅहॅनला मात्र प्रश्न पडला की हा माणूस जहाजाने का गेला नाही? कार्थेज तर दर्यावर्दी लोकांचं शहर. सरळ समुद्रातून गेला असता तर अख्खं सैन्य घेऊन उतरला असता, मागून रसदही येत राहिली असती.

उत्तर एकच. मधला समुद्र रोमच्या ताब्यात होता.

मला या माणसाच्या आयुष्यातली ही जागा सगळ्यात आवडते. न निघालेल्या जहाजाची नोंद इतिहासात कुठेच नसते. झालेली लढाई सगळे लिहितात, पण बंद वाटेमुळे जे घडलंच नाही ते कोण लिहिणार? आपल्या धंद्यातही हेच होतं बघा. आलेल्या ऑर्डरचा हिशेब वहीत असतो. पोचायची सोय नव्हती म्हणून जी ऑर्डर आलीच नाही, तिचं पान कुठल्याच वहीत नसतं.

पडक्या घरातलं कॉलेज

ल्यूसच्या कॉलेजला सरकारने जागा दिली ती न्यूपोर्टजवळच्या बेटावरची, पूर्वीच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमाची इमारत. मॅहॅनने १८८५-८६ चा हिवाळा न्यूयॉर्कच्या लायब्ररींत घालवला आणि १८८६ मध्ये व्याख्यानं सुरू केली. तोवर ल्यूसला समुद्रावरची नेमणूक मिळाली आणि कॉलेजचा कारभार याच्याच गळ्यात पडला. नौदल खात्यातल्या बऱ्याच जणांना हे कॉलेज म्हणजे पैशांची नासाडी वाटत होती. मध्यंतरी ते दुसऱ्या संस्थेत विलीनही करून टाकलं, आणि मॅहॅनला देशाच्या दुसऱ्या टोकाला, गोदीसाठी जागा शोधायला पाठवलं.

व्याख्यानांचं पुस्तक करावं म्हणून तो प्रकाशकांकडे गेला. ज्यांनी आधीचं पुस्तक छापलं होतं त्यांनीच नकार दिला. इतरांनीही दिला. बाडाची टंकलिखित प्रत पत्नी एलनने घरी बसून तयार केली होती. शेवटी बोस्टनच्या लिटल, ब्राउन कंपनीने १८९० मध्ये ते छापलं. नाव 'द इन्फ्लुअन्स ऑफ सी पॉवर अपॉन हिस्टरी, १६६०–१७८३'. म्हणजे समुद्री सामर्थ्याचा इतिहासावरचा प्रभाव.

मार्केटिंग शिकणाऱ्यांनी एक गोष्ट टिपून ठेवा. पुस्तकाचा मोठा भाग म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांच्या आरमारी लढायांचं बारीक वर्णन. तो भाग आज फार थोडे लोक वाचतात. जगभर गाजलं ते सुरुवातीचं प्रकरण, आणि ते त्याने नंतर जोडलं होतं, पुस्तक सामान्य वाचकाला रुचावं म्हणून. आत माल तोच. दुकानाचं दार मात्र रस्त्याच्या बाजूला उघडलं.

पहिल्या वाचकांपैकी एक होता थिओडोर रूझवेल्ट, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तो. दोन दिवसांत पुस्तक वाचून त्याने मॅहॅनला पत्र लिहिलं, मग मासिकात परीक्षणही लिहिलं.

त्याचं म्हणणं काय होतं

मॅहॅन समुद्राकडे गावच्या मोठ्या मोकळ्या मैदानासारखं बघतो. कुणीही कुठूनही चालू शकतं. तरी बघाल तर मैदानात ठरावीक पायवाटा पडलेल्या असतात. का पडल्या? विहीर इकडे, बाजार तिकडे, मधे ओढा, ओढ्यावर एकच साकव. समुद्रावरही तसंच. जहाज कुठूनही जाऊ शकतं, पण व्यापार जातो तो नेमलेल्या वाटांनी, आणि त्या वाटा चार-दोन अरुंद जागांतून निघतात. सुएझ, होर्मुझ, मलाक्का, जिब्राल्टर. साकवावर जो उभा, त्याला अख्खं मैदान राखावं लागत नाही.

दुसरं म्हणजे, त्याच्या मते नौदल जन्माला येतं तेच व्यापारी जहाजांमुळे. आधी माल तयार व्हायला हवा, मग तो नेणारी जहाजं, मग तो विकत घेणारा आणि कच्चा माल देणारा मुलूख. या साखळीचं रक्षण करायला युद्धनौका. माल नसेल तर नौदलाची गरजही उरत नाही. लढाऊ माणसाने पहिल्या पानापासून दुकानदारीचा विचार केला, हे मला विशेष वाटतं.

साखळीतली तिसरी कडी म्हणजे वसाहती, आणि तिथे आपण होतो, हेही विसरू नका. साम्राज्यांना पायाभूत वाटेल असा युक्तिवाद त्याने करून दिला, आणि अमेरिकेनेही पुढे हवाई, फिलिपिन्स घेताना त्याचा आधार घेतला. त्याच्या अभ्यासाचं कौतुक करताना हा भाग मी गिळून टाकणार नाही.

एकाच वेळी मानपत्र आणि ताशेरा

पुस्तक गाजल्यावर काय व्हावं? १८९३ मध्ये त्याला पुन्हा समुद्रावर जायचा हुकूम आला. लिखाण करू द्या अशी विनंती केली, तर पुस्तकं लिहिणं हे नौदल अधिकाऱ्याचं काम नव्हे, असं वरून ऐकवलं गेलं. गेला बिचारा 'शिकागो' जहाज घेऊन युरोपात. आणि तिथे राणी व्हिक्टोरियाकडे जेवण, लंडनमध्ये मेजवान्या, १८९४ मध्ये एकाच आठवड्यात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज अशा दोन्ही विद्यापीठांच्या मानद पदव्या. त्याच जहाजावर त्याचा वरिष्ठ, रिअर अ‍ॅडमिरल अर्बेन, त्याच्या गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा लिहीत होता की या अधिकाऱ्याचं लक्ष नोकरीबाहेर असतं.

खरं सांगायचं तर अर्बेन अगदीच चुकला नव्हता. कप्तान म्हणून मॅहॅन खरोखर मन लावून काम करत नव्हता. १८९६ मध्ये तो निवृत्त झाला आणि पूर्णवेळ लिहू लागला. 'मिडल ईस्ट' हा शब्द आज तुम्ही दुबईचा ग्राहक शोधताना सहज वापरता, तो रूढ होण्यात १९०२ च्या त्याच्या एका लेखाचा मोठा वाटा आहे.

कैसरने अर्धंच वाचलं

त्याच्या वाचकांत जर्मनीचा सम्राट कैसर विल्हेल्म दुसरा होता. आपण हे पुस्तक नुसतं वाचत नाही, गिळतोय, असं त्याने १८९४ मध्ये कळवलं होतं. आपल्या जहाजांवर त्याने त्याच्या प्रती ठेवल्या. मग अ‍ॅडमिरल टिर्पिट्झ आला, १८९८ आणि १९०० मध्ये आरमार वाढवण्याचे कायदे झाले, आणि जर्मनीने प्रचंड खर्च करून एकामागून एक युद्धनौका बांधल्या. ब्रिटनने त्याहून जास्त बांधल्या.

पण मॅहॅनने समुद्री सामर्थ्यासाठी ज्या सहा गोष्टी सांगितल्या, त्यात पहिली होती देशाची भौगोलिक जागा. जर्मनीचं जहाज अटलांटिकमध्ये जायचं तर दोनच वाटा. एक इंग्लिश खाडीतून, दुसरी स्कॉटलंड आणि नॉर्वेच्या मधून. दोन्हीकडे ब्रिटन आडवं. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं तसा जर्मनीचा सागरी व्यापार बंद पडला. १९१६ ला जटलंडची मोठी लढाई झाली, जर्मनांनी ब्रिटिशांची जास्त जहाजं बुडवली, आणि तरीही लढाईनंतर ते आपल्या बंदरात परतले. वाट काही उघडली नाही. शेवटी २१ जून १९१९ ला स्कॉटलंडमधल्या स्कापा फ्लो इथे जर्मन खलाशांनीच आपली पन्नासहून जास्त जहाजं बुडवली.

शेजाऱ्याचं दुकान चाललंय म्हणून त्याच्यासारखंच फर्निचर करून घेणारे लोक मी दर बॅचमध्ये बघतो. त्याचं दुकान एसटी स्टँडसमोर आहे आणि आपलं मागच्या बोळात, हे फर्निचरच्या बिलावर लिहिलेलं नसतं.

मॅहॅनलाही सगळं दिसलं नव्हतं. एकट्यादुकट्या व्यापारी जहाजांवर हल्ले करून मोठं युद्ध जिंकता येत नाही, असं त्याचं ठाम मत. मग पाणबुडी आली. एप्रिल १९१७ या एका महिन्यात आठ लाख टनांहून जास्त जहाजं बुडाली आणि ब्रिटनच्या तोंडचं पाणी पळालं. जहाजांचे ताफे करून, सोबत युद्धनौका देऊन तो धोका आटोक्यात आणावा लागला. हे बघायला मॅहॅन नव्हता. १ डिसेंबर १९१४ ला तो गेला. ज्या पनामा कालव्यासाठी त्याने वर्षानुवर्षं लेखणी झिजवली, तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उघडला होता.

आता तुमची पेटी

डिसेंबर २०२३ ला या. येमेनच्या हूती गटाच्या हल्ल्यांमुळे मोठ्या जहाज कंपन्यांनी तांबड्या समुद्राची वाट सोडली आणि आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. न्हावाशेवाहून युरोपला जाणारा कंटेनर साधारण दहा ते पंधरा दिवस उशिरा पोचू लागला आणि भाडंही वाढलं. जानेवारीपासून नाशिकच्या द्राक्षांचा युरोपचा हंगाम. द्राक्ष थांबत नाही. ज्याचा हूतींशी, इस्रायलशी, कुणाशीच संबंध नाही अशा निफाडच्या बागायतदाराने त्याची किंमत मोजली. त्याच दिवसांत सोमाली चाच्यांनी पळवलेलं 'रुएन' जहाज आपल्या नौदलाने मार्च २०२४ मध्ये सोडवलं, १७ खलाशी वाचवले, आणि ३५ चाचे मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. मॅहॅनच्या पुस्तकातलं वाक्य जणू बातमीत उतरलं होतं. व्यापार आहे म्हणून नौदल.

नौदल वाट राखेल. तुमचं नुकसान मात्र ते भरून देणार नाही. तिथे कागद बघावे लागतात, आणि इथेच नवखा निर्यातदार मार खातो.

पहिला कागद म्हणजे सौद्याची अट. सीआयएफवर भाव दिला असेल तर भाडं आणि विमा तुमच्या खिशातून. भाव ठरल्यावर भाडं दुप्पट झालं तर फरक तुमचा. एफओबीवर दिला असेल तर माल जहाजावर चढल्यानंतरचं भाडं ग्राहकाचं. नवखे लोक 'सगळं धरून सांगा' म्हटलं की सीआयएफ सांगून मोकळे होतात, आणि तो भाव किती दिवसांसाठी वैध आहे हे लिहायचंच राहतं.

दुसरा कागद विम्याचा. 'ऑल रिस्क' या नावावर जाऊ नका. मालवाहतुकीच्या प्रचलित पॉलिसीत युद्धाचा धोका येत नाही, त्याचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागतं. आणि उशिरामुळे झालेलं नुकसान तर 'ऑल रिस्क'मध्येही वगळलेलं असतं. म्हणजे वळसा घालून गेलेल्या जहाजात तुमचा नाशवंत माल नुसत्या उशिराने खराब झाला, तर त्या पॉलिसीतून दावा लागत नाही.

तिसरी गोष्ट बहुतेकांनी ऐकलेलीच नसते, 'जनरल अ‍ॅव्हरेज'. जहाज आणि माल वाचवण्यासाठी जो असाधारण खर्च किंवा त्याग करावा लागतो, तो जहाजमालक आणि सगळे मालधनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घेतात. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' सहा दिवस सुएझमध्ये अडकलं, तेव्हा मालकाने हेच जाहीर केलं. ज्यांच्या मालाला ओरखडाही नव्हता त्यांच्याकडूनही हमी मागितली गेली. विमा असेल तर विमा कंपनी हमीपत्र देते. नसेल तर आधी रोख अनामत भरा, मग कंटेनर सोडवा. जहाज तर इजिप्तने जुलैपर्यंत सोडलंच नाही.

निर्यात न करणाऱ्यांनी आपला साकव ओळखावा. कुणाचा सगळा कच्चा माल एकाच व्यापाऱ्याकडून येतो, कुणाच्या सगळ्या ऑर्डर एकाच अ‍ॅपवरून. साकव वाईट नसतो, त्यामुळेच तर आपण ओढा ओलांडतो. फक्त तो कुणाच्या जागेत आहे आणि तो पंधरा दिवस बंद राहिला तर पगार कुठून द्यायचा, हे आज वहीत लिहून काढा. रक्कम आकड्यात लिहा, 'बघू' असं लिहू नका.

पुढच्या रविवारच्या व्हिडिओत मरीन पॉलिसीचा एक नमुना स्क्रीनवर घेऊन, त्यातली वगळलेल्या गोष्टींची कलमं ओळीने वाचणार आहे. तुमची पॉलिसी असेल तर तिची प्रत समोर घेऊन बसा. अजून घेतली नसेल तर एजंटकडून कोटेशन मागवून ठेवा, म्हणजे युद्धाच्या कव्हरला किती जास्त लागतात तो आकडा तुमच्या हातात असेल.